रत्नम्माच्या हातचा डबा

अहमदपूरच्या मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत कुणालाही विचारा, वाइंडिंगवाले मल्लेशअप्पा कुठं राहतात म्हणून. शेंबडं पोरगंही तुम्हाला दुकानाच्या पायरीपर्यंत आणून सोडेल. पण रत्नम्मा कोण असं विचाराल तर लोक डोकं खाजवतील अन् मग म्हणतील, "हां हां, अप्पांची मंडळी! लई शिवभक्त बाई. दिवसभर जप चालू असतोय बघा." आता ह्या लोकांना काय म्हणावं! तीस वर्षं त्या बाईनं ह्या अख्ख्या पंचक्रोशीच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरल्या, स्टॅबिलायझर बांधले, अन् गावाला तिच्याबद्दल काय ठाऊक, तर जप.

जपाचं खरं काय ते सांगतो. दुकानाच्या मागं दहा बाय दहाची एक खोली आहे. तिथं लाकडी पाटावर हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन बसवलंय. रत्नम्मा सकाळी आंघोळ करून, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करून तिथं मांडी घालून बसते. उजव्या हातानं हँडल फिरवायचं, डाव्या हाताच्या चिमटीतून तांब्याची तार सोडायची, अन् प्रत्येक फेऱ्याला एकदा "ॐ नमः शिवाय" म्हणायचं. शंभर झाले की शेजारच्या ताटलीत एक चिंचोका टाकायचा. मशीनला आकडे दाखवणारा काउंटर आहे, पण तो मधूनच दोन-चार आकडे गिळतो, अन् रत्नम्माचा त्याच्यावर काडीचा भरवसा नाही. "यंत्र चुकंल, शिवाचं नाव कसं चुकंल?" असं तिचं म्हणणं. जप चालू असताना ती कुणाशी बोलत नाही, कारण बोललं की फेरा हुकतो. गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीतून तेवढं नाव ऐकू यायचं अन् तो हात जोडून पुढं जायचा. आत डोकावून बघायची कुणाला गरज वाटली नाही.

अन् मल्लेशअप्पा? ते लातूरच्या आयटीआयमध्ये वाइंडिंग शिकले, हे खरं. दुकान त्यांनीच टाकलं, हेही खरं. पण लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी चाकूरजवळ त्यांची फटफटी घसरली अन् उजव्या हाताचा अंगठा कामातून गेला. दिसायला जागच्या जागी, पण वाकायचं नाव नाही. वाइंडिंगवाल्याचा अंगठा गेला म्हणजे काय राहिलं? हाताला प्लॅस्टर घालून अप्पा दुकानात बसले होते, अन् समोर एका शेतकऱ्याची तीन एचपीची मोटार उघडी पडली होती. त्याचा हरभरा वाळत होता. तो दिवसातून दोनदा यायचा, मोटारीकडं बघायचा अन् काही न बोलता परत जायचा.

तेव्हा रत्नम्मा बावीस वर्षांची. माहेर उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला. शाळा सातवीपर्यंत. पण माहेरी उन्हाळ्यात शेवया करायच्या त्या तिच्याच हातच्या. कणकेची तार केसाएवढी बारीक ओढायची अन् तुटू द्यायची नाही, ही विद्या तिच्या बोटांत होती. ती पदर खोचून पुढं आली अन् म्हणाली, "तुमी नुसतं तोंडानं सांगा, मी हातानं करते." दोन दिवसांत मोटार भरून झाली. शेतकऱ्यानं विहिरीवर बसवली, ती सुरू झाली, अन् तो पेढे घेऊन दुकानात आला. "अप्पा, तुटक्या हातानं भरली! काय हात हाय तुमचा!"

तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. अप्पांनी पेढा घेतला अन् म्हणाले, "देवाची कृपा."

त्या वेळी त्यांना भीती होती. बाईनं भरलेली मोटार म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल, ही भीती काही खोटी नव्हती. पुढं भीती गेली अन् सवय राहिली. अन् सवयीच्या पुढं लाज. पाच वर्षांनी सांगायचं म्हणजे पाच वर्षं खोटं बोललो हेही सांगायचं. वीस वर्षांनी सांगायचं म्हणजे वीस. असं करत करत तीस वर्षं झाली. मुलगी मंजुश्री, मुखेडला शाळेत शिक्षिका आहे, ती तर तोंडावर म्हणायची, "अप्पा, आईचं नाव घेतलं तर तुमची जीभ झिजते का?" अप्पा म्हणायचे, "सांगू गं. योग आला की सांगू." योग काय एसटी आहे, फलाटावर उभं राहिलं की यायला? रत्नम्मा मात्र कधी एका शब्दानं बोलली नाही. ती म्हणायची, "मोटार फिरली पायजे. कुणाच्या नावानं फिरली ते मोटारीला काय ठाव?" अप्पांना हे ऐकून बरं वाटायचं, अन् मग बरं वाटल्याचंच वाईट वाटायचं.

आता हणमंतरावांचं सांगतो. हणमंतराव पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर, अहमदपूरकडं धरणाच्या कामावर होते. माणूस गाण्याचा वेडा. खोलीत पलंग नसला तरी चालेल, पण रेकॉर्ड प्लेअर, ॲम्प्लिफायर अन् कमरेएवढे दोन स्पीकर हवेतच. पण आपल्याकडची लाइट तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी दोनशे साठ व्होल्ट, संध्याकाळी एकशे सत्तर. शेजारी वेल्डिंग सुरू झालं की स्पीकरमध्ये चर्रर्र, मोटार सुरू झाली की टक्क. हणमंतराव पार बेजार झाले होते. कुणीतरी त्यांना मल्लेशअप्पांकडं धाडलं. अप्पांनी आत जाऊन रत्नम्माला सगळं सांगितलं. ती दोन दिवस विचार करत राहिली अन् मग म्हणाली, "दोन गुंडाळ्या करू. एकीतनं लाइट आत, दुसरीतनं बाहेर. दोघींचा एकमेकीला हात लागू द्यायचा न्हाई, अन् मधी तांब्याचा पातळ पत्रा. भायेरची घाण अलीकडंच ऱ्हाईल." त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर म्हणतात, हे तिला अप्पांनी पुस्तकात बघून मागून सांगितलं. पत्र्यात बसवलेला तो डबा हणमंतरावांनी लावला अन् ते दुसऱ्या दिवशी धावत आले. अप्पांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "अप्पा, तुम्ही माझं घर गातं केलंत."

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. हणमंतरावांच्या ओळखीनं पुढं लातूर-नांदेडच्या किती गाणंवेड्यांकडं हे डबे गेले, त्याला गणती नाही. दर डब्यामागं अप्पांच्या हाताची तारीफ. अन् दर डब्यामागं मागच्या खोलीत नऊशे-हजार वेळा शिवाचं नाव.

यंदाच्या मे महिन्यात हणमंतरावांचा फोन आला. ते आता रिटायर होऊन नांदेडला नव्या घरात राहत होते. नवा, जंगी ॲम्प्लिफायर घेतला होता. जुना डबा त्याला पुरत नव्हता, तो टीव्हीला लावला होता. "अप्पा, मोठा डबा करून आणा. रविवारी सकाळी आमची मंडळी जमणार आहे. लातूरचे डॉक्टर रुद्रेश आहेत ना, दातांचे, त्यांनी बाहेरदेशातून वीज गाळून देणारी पेटी आणलीय. तिच्यासमोर तुमचा डबा ऐकायचाय सगळ्यांना." अप्पांनी फोन ठेवला. आतापर्यंत डबे एकेकट्यानं गेले होते. परीक्षेला बसायची ही पहिलीच वेळ.

रत्नम्मानं आठ दिवस खपून डबा केला. इतका सुबक की वार्निश सुकल्यावर अप्पा त्याच्याकडं नुसतं बघत बसले. तारेच्या शेजारी तार, एका थरावर दुसरा थर, कुठं फट नाही, कुठं चढ नाही. मागच्या बाजूला तिनं एक खटका ठेवला होता. वर केला की लाइट डब्यातून जाणार, खाली केला की डबा बाजूला अन् लाइट डायरेक्ट. डब्यात कधी बिघाड झाला तर माणसाचं गाणं अडू नये म्हणून. मग ती हात पुसत म्हणाली, "ह्या खेपेला मी येते."

"तू? कामून?"

"इतके डबे केले, एकदाबी ऐकलं न्हाई ते काय करतेत. मला ऐकायचंय."

खरंच की! अठरा वर्षं ही बाई लोकांच्या कानांसाठी तार गुंडाळत होती, अन् हिच्या कानाला त्याचा स्वर लागला नव्हता. त्याच क्षणी अप्पांनी मनाशी ठरवलं: डबा पास झाला की तिथंच, सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. पण हं, आधी पास होऊ द्यायचा. नापास डबा बायकोच्या नावावर कशाला टाकायचा? बघा, माणूस स्वतःला कसा पटवतो ते!

रविवारी पहाटेची एसटी धरली. बावीस किलोचा डबा अप्पांनी दोन पायांमध्ये ठेवला. लोह्यापर्यंत रत्नम्मा खिडकीतून बघत होती, लोह्यानंतर उन्हानं डोळे मिटले. नांदेडला नऊ वाजताच वारा भाजत होता.

हणमंतरावांचं घर टोलेजंग. पुढचं अंगण सगळं पेव्हर ब्लॉकनं मढवलेलं, मातीचा कण दिसत नव्हता. हॉलच्या खिडकीला बाहेरून भला मोठा कुलर लावलेला. आत पाच-सहा मंडळी बसली होती. हणमंतरावांनी उठून अप्पांना मिठी मारली. "या! हे आमचे मल्लेशअप्पा. मराठवाड्यात ह्यांच्यासारखा हात नाही." अप्पा हसले. "अन् ह्या?" "ह्या आमच्या मंडळी," अप्पा म्हणाले. हणमंतरावांच्या पत्नी सिंधुताई रत्नम्माला आत बोलावत होत्या, पण ती म्हणाली, "मी हितंच बसते बाई, मला ऐकायचंय," अन् स्पीकरपासून चार हात लांब, भिंतीला टेकून जमिनीवर बसली. बसण्याआधी तिनं एक गोष्ट केली. ॲम्प्लिफायरच्या धातूच्या कडेला हळूच बोटाची मागची बाजू लावली अन् झटकन हात मागं घेतला. अप्पांच्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, चुणचुण लागायलीय. ह्याला अर्थिंग बराबर न्हाई."

"गप बस. आपला डबा लागला की जाईल सगळं," अप्पा पुटपुटले. ते जाणार नव्हतं, हे त्यांनाही कळायला हवं होतं. पण परीक्षेच्या दिवशी धड काय सुचतं!

पहिल्यांदा डायरेक्ट भिंतीतल्या लाइटवर ऐकायचं ठरलं. डॉक्टर रुद्रेश बारीक, टोकदार आवाजाचे गृहस्थ, कान तर असे तिखट की विचारू नका. ते म्हणाले, "आधी तो कुलर बंद करा." कुलर बंद झाला. रेकॉर्ड लागली. तंबोऱ्याचा आवाज सुरू झाला, पण त्याच्या खाली एक जाड, चिकट घूंऽऽ असा घुमारा. तंबोऱ्याची चौथी तार त्यात बुडूनच जायची. मग डॉक्टरांची पेटी लावली. घुमारा किंचित कमी झाल्यासारखा वाटला. दोघं म्हणाले झाला, दोघं म्हणाले नाही. डॉक्टरांचा चेहरा उतरला, पण माणूस खरा. म्हणाले, "नाही हो. आहे तसाच आहे."

मग चहा आला. डॉक्टर म्हणाले, "अन् ते टपटप काय वाजतंय?" कुलर बंद होता, पण वरच्या गवतातलं पाणी खालच्या टाकीत ठिबकत होतं. हणमंतराव खिडकीतून ओरडले, "अहो, त्या कुलरमधलं पाणीच सोडून द्या!" सिंधुताईंनी बाहेर जाऊन टाकीचं बूच काढलं. चहा, बिस्किटं, मग कुणाची तरी जुन्या रेकॉर्डची गोष्ट, असा अर्धा तास गेला. तेवढ्यात अप्पांनी आपला डबा जागेवर लावला, वायरी जोडल्या. अंगठा वाकत नव्हता. कसंबसं जोडून ते घाम पुसत खुर्चीवर येऊन बसले.

हणमंतरावांनी सुई ठेवली.

अन् काय सांगू! तंबोरा असा उघडा, निखळ वाजला की जणू समोर बसून कुणी छेडतोय. चारी तारा वेगळ्या. घुमारा नावालाही नाही. एकामागून एक चेहरे उजळत गेले. डॉक्टर रुद्रेशांनी डोळे मिटले होते. रत्नम्मा भिंतीला टेकून, तोंड जरासं उघडं ठेवून ऐकत होती, अन् अप्पा तिच्याकडंच बघत होते. रेकॉर्डची बाजू संपली तशा टाळ्याच पडल्या. "अप्पा! जिंकलंत!" हणमंतराव जागेवरून उठले. "बाहेरदेशाच्या पेटीला अहमदपूरनं पाणी पाजलं!"

अप्पा छाती काढून उठले. आता सांगायचं. आत्ता. डब्याजवळ जाऊन त्यांनी कौतुकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, अन् हात तिथंच राहिला. डबा गार होता. चालू ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याला हात लावला की बारीक थरथर लागते, ती नव्हती. बोटं मागच्या खटक्यावर गेली. खटका खाली होता. एसटीत हिंदकळताना नेहमी खाली असतो तसाच, खाली. घाईत, वाकत नसलेल्या अंगठ्यानं, त्यांनी तो वर केलाच नव्हता. लोक ज्याला टाळ्या वाजवत होते तो डबा नुसता शोभेला बसला होता.

अप्पांनी काय केलं? काही नाही. ते गप्प राहिले. तीस वर्षांची सवय हो! कुणीतरी तारीफ केली अन् आपण गप्प राहिलो, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांनी हसून मान डोलावली अन् हळूच बोटानं खटका वर ढकलावा का, असा विचार करायला लागले.

तेवढ्यात रत्नम्मा उठून आली. तिलाही आपला डबा चालू असताना हात लावून बघायचा होता. तिनं तळवा ठेवला. अप्पांनी डोळ्यांनी खूण केली, भुवया उडवल्या, बोलू नको म्हणून. तिनं त्यांच्याकडं एकदा बघितलं. मग वळून सगळ्यांकडं बघितलं. आयुष्यात कधी पाच पुरुषांच्या बैठकीत न बोललेली बाई ती. पण आवाज ठणठणीत होता.

"थांबा जरा. टाळ्या वाजवू नका. हा डबा चालू न्हाई."

अप्पांना वाटलं जमीन फाटावी.

"खटका खाली हाय. लाइट डायरेक्ट चाललीय. तुमी जे ऐकलं ते डब्याचं न्हाई."

"मग घुमारा गेला कसा?" डॉक्टर रुद्रेश ताडकन म्हणाले.

"तेच बघायलेय मी." तिनं परत बोटाची मागची बाजू ॲम्प्लिफायरला लावली. "मघाशी चुणचुण होती, आता न्हाई. मघाशी डबा न्हवता, आताबी डबा न्हाई. मग मधी काय बदललं? कुणी काय केलं सांगा."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. दारात उभ्या सिंधुताई घाबरून म्हणाल्या, "मी काही नाही केलं हो बाई. मी तर नुसतं कुलरचं पाणी सोडलं."

रत्नम्मा तशीच बाहेर गेली अन् तिच्यामागं अख्खी मंडळी, भर उन्हात, अनवाणी. कुलरच्या खाली भिंतीच्या कोपऱ्यात एक पेव्हर ब्लॉक जरा खचला होता अन् त्याच्या फटीतून पाणी आत जात होतं. रत्नम्मानं खाली बसून ब्लॉक हलवला. खाली पाइपचं तोंड दिसलं. "अर्थिंगचा खड्डा हितं हाय का?" हणमंतराव धरणं बांधणारा माणूस, विजेतलं त्यांचं ज्ञान फ्यूजपाशी संपतं. ते म्हणाले, "कंत्राटदाराला ठाऊक." "त्यानं खड्ड्यावर फरशी बसवली अन् मोकळा झाला. दादा, मीठ-कोळसा घालून तार पुरली म्हणजे संपलं का? जमीन ओली ऱ्हायला पायजे. तुमचा खड्डा मे महिन्यात वाळून खडंग झाला व्हता. कुलरचं पाणी पडलं अन् तुमचं मशीन बरं झालं. आता रोज दोन बादल्या हितं ओतत जावा. डबा न्हाई घेतला तरी चालंल."

डबा नाही घेतला तरी चालेल! ऐकलंत? आठ दिवस कंबर मोडून केलेला डबा, अन् ही बाई गिऱ्हाइकाच्या अंगणात उभी राहून म्हणतेय, दोन बादल्या पाणी ओता. अप्पांनी मनात कपाळावर हात मारला. पण त्याच वेळी त्यांच्या आत कुठंतरी एवढा अभिमान दाटून आला की तो मावेना. ही माझी बायको, त्यांना वाटलं. हिच्या नखाची सर मला नाही.

डॉक्टर रुद्रेश मात्र आता हट्टाला पेटले. "बाई, मग तुमचा डबा करतो तरी काय? आता चालू करून दाखवा." सगळे परत आत गेले. खटका वर झाला. रेकॉर्ड लागली. हणमंतरावांना फारसा फरक कळला नाही, त्यांनी तसं सांगितलंही. डॉक्टर म्हणाले, सुरांमागची शांतता जरा स्वच्छ वाटतेय, पण छातीठोक सांगत नाही. रत्नम्मा म्हणाली, "सिंधुताई, तेवढी बोअरची मोटार चालू करा." मोटार सुरू झाली. तंबोरा तसाच, अखंड. "आता बंद करा. अन् अहो, तुमी खटका खाली घ्या." अप्पांनी खटका खाली घेतला. परत मोटार सुरू झाली अन् स्पीकरमध्ये टक्क असा फटका बसला की एक जण खुर्चीत दचकला. खटका वर. मोटार. काही नाही. तीनदा करून बघितलं, तिन्हीदा तेच.

"हे डब्याचं काम," रत्नम्मा म्हणाली. "एवढंच. जास्त न्हाई, कमीबी न्हाई."

डॉक्टर रुद्रेशांनी हात जोडले. "मला एक करून द्या. माझ्या क्लिनिकशेजारी पिठाची गिरणी आहे."

हणमंतराव गहिवरले होते. अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अप्पा, नशीबवान आहात. तुमच्यासारखा कारागीर, अन् त्याला वहिनींसारखी खरं बोलणारी बायको."

अप्पांनी तोंड उघडलं. सवयीनं ओठांवर आलं होतं, देवाची कृपा. त्यांनी रत्नम्माकडं बघितलं. ती पदरानं डब्यावरचे हाताचे ठसे पुसत होती. पाच मिनिटांपूर्वी ती कुणाला भ्याली नव्हती. अन् आपण? एका खटक्याएवढं खरं बोलायला आपल्याला तीस वर्षं पुरली नाहीत.

"हणमंतराव," अप्पा म्हणाले, "कारागीर मी न्हाई."

"म्हणजे?"

त्यांनी उजवा हात वर केला. "हा अंगठा वाकत न्हाई. ब्याण्णव सालापासनं वाकत न्हाई. तवापासनं मी एकबी मोटार भरली न्हाई, एकबी डबा गुंडाळला न्हाई. मी फकस्त जोडणी करतो, अन् आज तीबी धड जमली न्हाई. जे काय हाय ते हिच्या हातचं हाय. सगळं. गावाला वाटतं ही जप करते. ही फेरे मोजते. तुमी माझे हात धरले, माझ्या गळ्यात हार घातले, अन् मी घालून घेतले. आज सांगतो. उशीर झाला, पण सांगतो. रत्नम्मा हिचं नाव."

रत्नम्माच्या हातातला पदर तसाच राहिला. तिचं तोंड लाल झालं. ती अप्पांवर चिडलीय की रडणार आहे ते कुणाला कळेना, बहुधा तिलाही नाही. "अय्यो, चार लोकांत काय हे," एवढं ती पुटपुटली.

हणमंतराव हळूहळू तिच्यासमोर येऊन उभे राहिले. साठी उलटलेला, धरणं बांधलेला माणूस. त्यांनी वाकून हात जोडले. "रत्नम्माबाई, मग माझा तो पहिला डबा? दोन हजार सहा सालचा?"

"हाव. माझाच."

"अठरा वर्षं एका दिवसाचा बिघाड नाही त्याच्यात. आजही चालू आहे, टीव्हीला."

"चालू हाय, पण बराबर न्हाई," रत्नम्मा म्हणाली. आता तिनं मान वर केली होती अन् सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती. "त्यात शेवटच्या थराला एक फेरा जास्त पडलाय. तवाच कळलं व्हतं, पण ह्यांनी तुमाला देऊन टाकला. अर्धा व्होल्ट जास्त देत असंल तो. तुमाला न्हाई कळायचं, पण माझ्या मनातनं जात न्हाई. जाताना तो संगं द्या. तेवढा एक फेरा काढून देते."